किती मुले सापडली ते पुरे. किती घरी टिकली ते मोजा

प्रति,
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे
तसेच राज्यातील रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी

विषय : घर सोडून रेल्वे स्थानकांवर येणाऱ्या मुलांबाबत कामाची पद्धत आणि मोजणी बदलण्याबाबत

महोदय,

रेल्वे सुरक्षा दलाने ‘ऑपरेशन नन्हे फरिश्ते’खाली २०१८ पासून मे २०२४ पर्यंत देशभरातल्या स्थानकांवरून आणि गाड्यांतून ८४,११९ मुलांना सोडवले, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. त्यात एकट्या २०१८ सालची मुले १७,११२, आणि त्यांपैकी १३,१८७ घरातून पळालेली. हरवलेली, गर्दीत मागे राहिलेली, पळवून आणलेली अशी बाकीची सगळी मिळून चौथ्या हिश्शाहून कमी. २०२० मध्ये एकूण आकडा ५,०११ वर आला, कारण गाड्याच बंद होत्या. त्या वर्षी घरातली मारहाण कमी झाली असे कुणी म्हणणार नाही. २०२२ मध्ये तो पुन्हा १७,७५६ वर गेला.

या कामाचे श्रेय दलाला द्यायलाच हवे. पण मनमाडला सापडलेले मूल सहा महिन्यांनी कल्याणला पुन्हा सापडले का, हे या आकड्यांतून कळत नाही. स्वतःच्या पायांनी घर सोडलेल्या मुलाला त्याच घरी नेऊन सोडले की फाइल बंद होते. आम्ही स्थानकांवर या मुलांसोबत काम करणारे लोक आहोत. मोजणी जोवर सापडण्याची आणि सुपूर्द करण्याची होते, तोवर मधल्या प्रत्येक टप्प्यावर घाईच होत राहणार, असे आमचे म्हणणे आहे. ते टप्पे एकेक करून मांडतो.

फलाटावर नवे आलेले मूल ओळखायला फार वेळ लागत नाही. दप्तर शाळेचे असते, पण आत पुस्तकांऐवजी शर्ट आणि चार्जर. गाडी लागली की सगळे जिन्याकडे धावतात, हे मात्र फलाटाच्या टोकाकडे चालू लागते. मग पाण्याच्या नळाजवळ बसते. पाणी फुकट असते आणि तिथून खाण्याचा स्टॉल दिसतो. दोन-चार दिवस मुरलेले मूल वेगळे. ते गणवेश दिसला की पळत नाही, कुणातरी कुटुंबाच्या मागे मागे चालू लागते, जणू त्यांच्यातलेच.

अशा मुलापर्यंत पहिल्यांदा कोण पोहोचते, यावर पुढचे बरेच ठरते. आपण नाही पोहोचलो तर हॉटेलात कपबशा विसळायला पोरे पुरवणारा पोहोचतो, किंवा रिकाम्या बाटल्या वेचून घेणारा, किंवा स्थानकावरच वाढलेला मोठा मुलगा. म्हणून बाल मदत कक्ष, ज्याला सगळे हेल्प डेस्कच म्हणतात, तो कुठे आहे आणि किती वाजता उघडा असतो, हे महत्त्वाचे. उत्तरेकडून लोकमान्य टिळक टर्मिनस आणि कल्याणला येणाऱ्या गाड्या वेळापत्रकात कधीही असोत, उशीर होऊन त्या मध्यरात्री किंवा पहाटे लागतात. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालणारा कक्ष त्या मुलांच्या कामाचा नाही. तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत दोन माणसे आणि त्यांत एक तरी महिला, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरून एका मोठ्या स्थानकाला आठ माणसे लागतात. सहांत भागवले की सर्वात आधी रात्रपाळी कोलमडते. दुसरे असे की कक्ष पोलीस चौकीच्या आत नको. मूल चौकीच्या दारातूनच परत फिरते. पुलाच्या पायथ्याशी, बाहेर पडण्याच्या वाटेवर, एक सतरंजी, पिण्याचे पाणी आणि जवळ स्वच्छतागृह असलेली दहा बाय दहाची खोली पुरते.

जवळ कसे जायचे, याचे प्रशिक्षण गणवेशातल्यांनाही हवे. मागून खांद्यावर हात टाकू नये. समोरून, त्याला दिसेल असे यावे आणि दोन हात अंतर ठेवून खाली बसावे. ‘जेवलास का?’ हा प्रश्न मायेचा वाटतो, पण दलालाचाही पहिला प्रश्न तोच असतो. त्यामुळे आधी आपले नाव, ओळखपत्र आणि आपण इथे काय करतो ते सांगावे; खाणे त्यानंतर. पैसे हातात देऊ नयेत. फोटो तर नाहीच. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. तरी ‘सुटका’ झालेल्या मुलांना रांगेत उभे करून काढलेले फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या फोटोतली मुलगी तीन दिवसांनी गावात परतते तेव्हा फोटो तिच्या आधी पोहोचलेला असतो.

नशेत असलेल्या मुलाबाबत मात्र एक सूचना आम्हाला प्रत्येक चौकीत लावलेली पाहायची आहे: पाठलाग करू नका. ही मुले हुंगतात ते सोल्युशन म्हणजे पंक्चरचे डिंक आणि त्याच्यासारखे थिनर. यांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. मुठीत चुरगळलेला रुमाल, तो पुन्हा पुन्हा तोंडाशी नेणे, नाका-ओठांभोवती लालसर पुरळ, अंगाला रंगाच्या दुकानासारखा वास, ही खूण. ही द्रावके हृदयाला ॲड्रेनलिनच्या, म्हणजे घाबरल्यावर शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकाच्या, बाबतीत फार हळवे करून ठेवतात. अशा अवस्थेत मूल दचकले, जीव घेऊन धावले किंवा झटापट झाली, तर ठोक्यांची लय एकाएकी बिघडून ते जागीच कोसळू शकते. शिवाय शेजारी रूळ आहेतच. रुमाल हिसकावू नये. मोकळ्या हवेत बसवावे, गुंगीत असेल तर कुशीवर वळवून ठेवावे म्हणजे उलटी श्वासात जाणार नाही, आणि शुद्धीवर येईपर्यंत एकाने जवळ थांबावे. नाव, गाव, जबाब सगळे नंतर. अशा मुलाला पहिले काही दिवस झोप येत नाही, चिडचिड होते, आणि याच दिवसांत ते बालगृहाची भिंत ओलांडते. मग अहवालात ‘मूल ऐकत नाही’ असे लिहिले जाते. त्या दिवसांत त्याला डॉक्टर आणि रात्री जागणारा माणूस लागतो.

मोठ्या माणसासोबत आठ-दहा मुले एकत्र प्रवास करताना दिसली, तर संशय रास्त आहे. बिहार-उत्तर प्रदेशातून जरीच्या आणि बॅगांच्या कारखान्यांत मुले आणली जातात, हे नवीन नाही. पण संशय म्हणजे गुन्हा नव्हे. मे २०२३ मध्ये भुसावळ आणि मनमाडला बिहारहून येणारी ५९ मुले गाडीतून उतरवली गेली, सोबतच्या पाच शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला आणि ते सुमारे चार आठवडे तुरुंगात राहिले. मुले मदरशात शिकायला निघाली होती. २०२४ मध्ये पोलिसांनी तो गुन्हा गैरसमजातून नोंदवल्याचे सांगून प्रकरण बंद केले. उतरवल्यानंतर मुले काही दिवस आईबापांपासून लांब, अनोळखी बालगृहांत राहिली. हे टाळता येते. प्रत्येक मुलाशी वेगळे, मोठ्या माणसाच्या नजरेआड बोलावे: कुठे चाललात, तिकीट कुणी काढले, सोबतच्या माणसाचे नाव काय, याआधी तिथे कोण राहून आले, घरी कुणी पैसे दिले का. कामाला नेलेल्या मुलांची उत्तरे पाठ केल्यासारखी एकसारखी असतात किंवा मग कुणालाच काही माहीत नसते. त्याच वेळी दोन-तीन घरी फोन लावावा. एवढे केल्यावरच गुन्ह्याचे कागद काढावेत.

आता पत्ता. मूल पहिल्या रात्री खोटे सांगते, हे गृहीतच धरा. नाव बदलते, बाप मेला म्हणते, सतरा वर्षांचे ‘मी एकोणीसचा’ म्हणून छाती काढते. (वयाबाबत कायद्याचा क्रम स्पष्ट आहे: आधी शाळेचा जन्मदाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा पालिकेचा दाखला, आणि हे काहीच नसेल तरच वैद्यकीय चाचणी. थेट हाडांच्या तपासणीला पाठवण्याची घाई नको.) पहिल्या रात्रीचे उत्तर फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ म्हणून गेले की पुढचे सगळे त्याच चुकीच्या जिल्ह्याला पत्र लिहीत बसतात. त्या रकान्यात ‘मुलाने सांगितल्यानुसार, पडताळणी बाकी’ असे लिहायला काय हरकत आहे?

झोप आणि दोन जेवणे झाल्यावर मूल वेगळे बोलते. तेव्हाही ‘जिल्हा कोणता’ असे विचारू नये. दहा वर्षांच्या मुलाला जिल्हा माहीत नसतो. आठवड्याचा बाजार कोणत्या वारी आणि कुठल्या गावी, शाळेच्या भिंतीवर काय लिहिले आहे, शाळेत खिचडीसोबत काय मिळते, गावातून जाणाऱ्या बसवर काय पाटी असते, नदी ओलांडावी लागते का, जत्रा कोणत्या देवाची, मोबाइल रिचार्ज करणाऱ्या दुकानाचे नाव काय. दप्तरात वही असेल तर तिच्यावरचा शिक्का पाहा. शाळेचे नाव आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) मिळाला की दहा मिनिटांत मुख्याध्यापक सापडतो. हिंदी पट्ट्यातल्या मुलाला ‘तालुका’ विचारून उपयोग नाही, ‘थाना’ आणि ‘ब्लॉक’ विचारा. बंगालच्या मुलासाठी बंगाली बोलणारा स्वयंसेवक फोनवर तरी हवा. बोलू न शकणाऱ्या किंवा मतिमंद मुलांसाठी आधार नोंदणी उपयोगी पडते. पाच वर्षांवरच्या मुलाचे आधार आधीच निघालेले असेल तर नवी नोंदणी ठशांवरून ‘दुहेरी’ म्हणून नाकारली जाते, आणि तिथून जुन्या नोंदीपर्यंत जाता येते. प्रत्येक बालगृहाने पत्ता न लागलेल्या मुलांची ही नोंदणी पहिल्या महिन्यातच करावी.

घर सापडले की लगेच स्पीकरवर फोन लावून मुलाला ‘बोल आईशी’ म्हणणे, हे सर्रास होते. आधी कार्यकर्त्याने एकट्याने बोलावे. समोरचा खरोखर बाप आहे, की ‘चाचा’ म्हणवणारा ठेकेदार, हे शाळेकडून, सरपंच किंवा मुखियाकडून ताडून पाहावे. तोवर मूल कोणत्या गृहात आहे ते सांगू नये. मग मुलाला विचारावे, बोलायचे आहे का. नाही म्हणाले तर ते ‘नाही’ नोंदवावे, कारण पुढच्या चौकशीचा धागा तोच आहे.

मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर न्यायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्रीचे काय, हे माहीत असूनही विसरले जाते. समिती बसलेली नसेल तर एका सदस्यासमोर हजर करून मुलाला बालगृहात ठेवता येते; बाल न्याय अधिनियमाच्या कलम २८ मध्ये ही सोय आहे. तरी मूल चौकीतल्या बाकावर सकाळ उजाडेपर्यंत बसते. कारण बालगृह वैद्यकीय तपासणीच्या कागदाशिवाय घेत नाही, सरकारी दवाखाना पोलिसांच्या पत्राशिवाय तपासत नाही, आणि पोलीस म्हणतात समितीचा आदेश आणा. ही साखळी आपण एका परिपत्रकाने तोडू शकता: प्रत्येक मोठ्या स्थानकासाठी एक रुग्णालय ठरवून द्यावे, तिथे या मुलांना रांग नसावी, आणि रात्रीची दाखल प्रक्रिया हेल्प डेस्कच्या पत्रावर व्हावी. तपासणीही ‘फिट’ असा शिक्का मारण्यापुरती नको. तळपायाच्या जखमा, ताप, अंगावरचे जुने वळ आणि खरूज पाहावी. खरजेबद्दल बालगृहाच्या अधीक्षकांना एक विनंती: एकाच मुलाला मलम लावून ती जात नाही. पाच टक्के परमेथ्रिन डॉक्टरांच्या सल्ल्याने गळ्यापासून तळव्यापर्यंत रात्रभर, त्या दालनातल्या सगळ्या मुलांना एकाच रात्री, कपडे-चादरी दुसऱ्या सकाळी गरम पाण्यात, आणि आठवड्याने पुन्हा एकदा. नाहीतर वर्षभर सगळे खाजवत बसतात.

परजिल्ह्यातल्या किंवा परराज्यातल्या मुलाचा मुक्काम लांबतो तो एस्कॉर्टमुळे, म्हणजे घरापर्यंत सोबत जाणारे कुणी न मिळाल्यामुळे. कलम ९५ म्हणते, आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विशेष बाल पोलीस पथकाने मुलाला पोहोचवावे, मुलीसोबत महिला पोलीस असावी आणि प्रवासभत्ता आगाऊ द्यावा. प्रत्यक्षात उत्तर येते की मनुष्यबळ बंदोबस्तात आहे. मग सणाचा बंदोबस्त, मग अधिवेशन, मग निवडणूक. पथक उपलब्ध नसेल तर संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून एस्कॉर्ट घेता येतो, हेही त्याच कलमात आहे. पण आगाऊ पैशाचा प्रश्न तिथे अडतो. जिल्हा कक्षाकडे फक्त एस्कॉर्टसाठी फिरती रक्कम ठेवावी आणि रेल्वेने या प्रवासासाठी राखीव जागांचा कोटा द्यावा. जनरल डब्यातून दोन रात्रींचा प्रवास करताना मूल कोणत्याही जंक्शनला उतरून जाते, आणि ते स्वाभाविक आहे. मुलाच्या गावी अपहरणाचा गुन्हा नोंदलेला असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर हरवलेल्या अल्पवयीन मुलांबाबत तसा तो नोंदवावाच लागतो. त्याचा क्रमांक हस्तांतरणाच्या आदेशातच लिहावा, म्हणजे घरी पोहोचल्यावर मुलाला पुन्हा ठाण्यात चकरा माराव्या लागत नाहीत.

एवढे सगळे व्यवस्थित झाले तरी खरी कसोटी घरी लागते. गृहचौकशीचा अहवाल आज बहुतेक वेळा ‘घर पक्के, दोन खोल्या, आई-वडील मजुरी करतात, मुलाला नेण्यास तयार’ एवढाच असतो. मूल का पळाले, हे त्यात नसते. चौकशी पंधरा दिवसांत पुरी करायची असते, हे खरे. पण पंधरा दिवसांत दोन प्रश्न निश्चित विचारता येतात. मारतो कोण, आणि मूल परत आल्यावर तो माणूस त्याच घरात असणार का? लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली कळवणे बंधनकारक आहे आणि मूल घरी धाडणे थांबलेच पाहिजे. पण बऱ्याच घरांत कारण त्याहून साधे असते: बारावी नापास, मोबाइल फोडला, सावत्र बाप, उसाच्या तोडीला गेलेले आईबाप आणि चुलत्याकडे ठेवलेले पोर. इथे समुपदेशनाइतकाच उपयोग पैशाचा आणि शाळेचा होतो.

केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बाल संरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रायोजकत्वासाठी, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून मिळणाऱ्या दरमहा मदतीसाठी, पात्र मुलांच्या यादीत हरवलेली आणि पळालेली मुले स्पष्टपणे लिहिलेली आहेत. महिना ४,००० रुपये. उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,०००, इतरत्र ९६,०००. तरी घर सोडून परतलेल्या मुलाचा अर्ज भरलेला क्वचितच दिसतो, कारण तालुक्यात सगळ्यांच्या डोक्यात ही योजना ‘अनाथांची आणि विधवांच्या मुलांची’ म्हणून बसली आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते हे दोन कागद अडतात. सुपूर्द करण्याच्या आदेशातच समितीने हा अर्ज भरण्याचा निर्देश द्यावा आणि ग्रामस्तरावर कागद जमवण्याचे काम नावानिशी एकाला द्यावे. शाळेचेही तसेच. दोन-तीन महिने गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून गेलेले असते आणि मुख्याध्यापक दाखल्याचे कारण सांगतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावेच लागते, दाखला उशिरा आला तरी. हे पत्र एस्कॉर्टच्याच पिशवीत असावे.

वर्षानुवर्षे स्थानकावरच राहणाऱ्या मुलांना हे सगळे जसेच्या तसे लागू होत नाही. त्यांना उचलून बंद बालगृहात टाकले की ती आठवड्यात परत येतात. त्यांच्यासाठी कलम ४३ मधले मुक्त निवारागृह हवे, आणि त्यात कुलूप लावता येईल असे कपाट. दिवसाची कमाई रात्री मोठी मुले हिसकावतात, म्हणून ती संध्याकाळपर्यंत सिनेमात, खाण्यात आणि सोल्युशनवर उडवली जाते. पैसे सुरक्षित राहतात असे दिसले की ती थोडी थांबू लागतात. फुटपाथवर आईबापांसोबत राहणाऱ्या मुलांना मात्र कृपा करून या मोहिमांत ओढू नका. त्यांना आईबाप आहेत. त्यांना हवे आहे ते रेशनकार्ड, शाळा आणि राहायला जागा.

शेवटी मोजणीचे. महिन्याच्या तक्त्यात आज जे रकाने आहेत ते राहू द्या. त्यात आणखी चार रकाने घालावेत: हे मूल याआधी सापडले होते का, आदेश ते प्रत्यक्ष रवानगी किती दिवस, प्रायोजकत्वाचा अर्ज भरला का, आणि सातव्या, तिसाव्या, नव्वदाव्या व एकशे ऐंशीव्या दिवशी मूल कुठे होते. शेवटचा रकाना फोनवर भरून चालणार नाही, निदान एक भेट अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा ग्राम बाल संरक्षण समितीच्या सदस्याने घरी जाऊन, मुलाशी एकट्याने बोलून करावी. त्या भेटीचे प्रवासखर्चासह मानधन ठरवा; फुकटात ती होत नाही. सुरुवात कल्याण, लोकमान्य टिळक टर्मिनस, मनमाड, भुसावळ, पुणे आणि नागपूर या सहा स्थानकांपासून करता येईल. नमुना तक्ता आम्ही तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ कळवल्यास तो घेऊन पुण्यात येऊ, आणि रेल्वे सुरक्षा दल व लोहमार्ग पोलिसांचा प्रत्येकी एक अधिकारी त्या बैठकीला असावा, एवढी विनंती.

कळावे,
रेल्वे स्थानकांवर मुलांसोबत काम करणारे कार्यकर्ते